तीन कार्डं, वडगावचं घर आणि नादारीचा अर्ज

आधी आकडे सांगतो, कारण आकडे समोर नसताना कर्ज आणि दिवाळं काढणं या विषयावर नुसती भीतीच बोलते. माझ्या ओळखीच्या एका माणसाची तीन क्रेडिट कार्डं, पहिल्यावर २,८५,०००, दुसऱ्यावर १,६२,००० आणि तिसऱ्यावर ९४,०००, म्हणजे ५,४१,००० झाले. त्याशिवाय मोबाइलच्या ॲपवरनं घेतलेलं पर्सनल लोन, त्यातले ६०,००० शिल्लक, आणि गल्लीजवळच्या एका सौहार्द सोसायटीचं (म्हणजे सहकारी पतसंस्थेचं) कर्ज १,३०,०००, त्याला दोन जामीनदार. एकूण ७,३१,०००.

माणूस बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, पगार ३४,०००, राहायला वडगावात. नाव सांगत नाही, शेडमध्ये सगळे मिस्त्री म्हणतात तेच इथं वापरतो. मी त्या भागातल्या दोन-तीन शेडची हिशोबाची, जीएसटीची कामं बघतो, त्यामुळं ओळख. एक दिवस लंच टायमात आले आणि म्हणाले, "सर, मी दिवाळं काढायचं म्हणतोय. कोर्टात अर्ज टाकला की सगळं माफ होतंय म्हणं, व्हिडिओत दाखवलाय बगा." त्या एका वाक्यावर पुढचे कित्येक रविवार आम्ही घालवले. शेवटी अर्ज केला नाही. का केला नाही, ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागात हाच प्रश्न घेऊन फिरणारे बरेच दिसायला लागलेत आणि जो तो चहाच्या टपरीवर ऐकलेलं सांगतोय.

कर्ज झालं कसं ते थोडक्यात. आईची अँजिओप्लास्टी, तिथं पहिलं कार्ड घासलं. मग पोरीची फी. मग कार्डाचं मिनिमम, म्हणजे महिन्याची किमान रक्कम, भरायला पैसे कमी पडायला लागले तसं दुसऱ्या कार्डावरनं एका दुकानात स्वाइप करून कॅश घ्यायची, दुकानदार त्याचं कमिशन कापून घेणार, आणि ती कॅश पहिल्या कार्डाला भरायची. हे दीडेक वर्ष चाललं. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस वेळेवर भरतोय, बँकेलाही तसंच वाटतं, म्हणून लिमिट वाढवून देतात आणि तिसरं कार्ड घरपोच येतं.

आता व्याज. कार्डावर महिन्याला साधारण साडेतीन टक्के, वर्षाचे बेचाळीस, आणि त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी. ५,४१,००० वर महिन्याचं व्याज १८,९३५, वर जीएसटी ३,४०८, म्हणजे २२,३४३ नुसते व्याजापायी, मुद्दल जागच्या जागी. घरात येणार किती? पगार ३४,०००, वैनी शिलाई करतात त्याचे सहाएक हजार, मिळून ४०,०००. घरखर्च, औषधं, शाळा धरून २०,००० जातात, सोसायटीचा हप्ता ५,२००, ॲपचा ४,१००. राहिले १०,७००. लागणार २२,३४३ आणि हातात १०,७००, म्हणजे कितीही काटकसर केली तरी हे गणित सुटत नव्हतं, आणि हे कागदावर मांडेपर्यंत मिस्त्रींना वाटत होतं की दिवाळीचा बोनस आला की जमेल. शेडमधल्या कुणीतरी त्यांना सांगितलेलं की कार्डाला ३० टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, तसा निकाल आहे. निकाल होता खरा, ग्राहक आयोगाचा २००८ चा, पण सुप्रीम कोर्टानं तो २०२४ च्या डिसेंबरमध्ये रद्द केलाय. तेव्हा तो आधारही गेला.

मग नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा. व्हिडिओवाले सांगतात तो २०१६ चा इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड. त्यात साध्या माणसासाठी वेगळा भाग आहे, हजार रुपये थकले तरी अर्ज करता येतो असं लिहिलंय, अगदी गरीब कर्जदारासाठी नव्यानं सुरुवात करायची सोयही आहे. सगळं छान, फक्त तो भाग तुमच्या-आमच्यासाठी लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. मिस्त्री कुठल्या कंपनीला जामीन नाहीत, त्यांचं कार्ड त्यांच्या नावावर. त्यामुळं त्यांना लागू होतो तो १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, इंग्रजांच्या काळचा. अर्ज जायचा जिल्हा कोर्टाकडं. त्यात अर्जाला कर्जाची किमान रक्कम किती? ५०० रुपये. यावरनंच कायदा किती जुना ते कळतं. कोर्टाजवळ बसणारे एक वकील ओळखीचे आहेत, त्यांच्याकडं गेलो तर त्यांनी आधी चष्मा काढून आमच्याकडं बघितलं, म्हणाले, "कार्डासाठी असला अर्ज घेऊन कोण येत नाही हो," आणि मग कपाटातनं पुस्तक काढलं.

त्यांनी जे समजावलं ते असं. अर्ज मंजूर होऊन माणूस नादार ठरला की त्याची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. रिसीव्हर ती विकतो आणि सावकारांना, म्हणजे बँका, सोसायटी अशा ज्यांचं देणं आहे त्यांना, वाटून देतो. बदल्यात काय मिळतं, तर सावकारांना कोर्टाच्या परवानगीशिवाय वेगळे दावे, दरखास्ती (निकालाप्रमाणं वसुलीचे अर्ज) चालवता येत नाहीत, आणि मागितलं तर अटकेपासून संरक्षण मिळू शकतं. पण एवढ्यावर कर्ज माफ होत नाही. कोर्ट मुदत घालून देतं, त्या मुदतीत डिस्चार्जसाठी, म्हणजे कर्जातनं सुटका मिळण्यासाठी, परत अर्ज करायचा, आणि डिस्चार्ज देताना कोर्ट तुमची वागणूक तपासतं. मालमत्तेतनं रुपयाला आठ आणेसुद्धा निघत नसतील आणि त्याला तुम्ही स्वतः जबाबदार असाल, किंवा फेडायची काही शक्यता नाही हे माहीत असून कर्ज काढलं असेल, तर कोर्ट पूर्ण डिस्चार्ज देत नाही, अटी घालतं नाहीतर पुढं ढकलतं. इथं मी मिस्त्रींकडं बघितलं. दीड वर्ष एका कार्डावरनं कॅश काढून दुसऱ्याला भरलेली, सगळ्या स्टेटमेंटमध्ये त्याच दुकानाचं नाव दर महिन्याला. कुठल्याही वकिलाला हे दोन मिनिटांत दाखवता येईल.

मुदतीत डिस्चार्जचा अर्ज केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो, मग परत सगळे सावकार मोकळे. आणि डिस्चार्ज मिळेपर्यंत माणूस नादारच. त्या काळात नादार असल्याचं न सांगता ५० रुपयांच्या वर उधार घेतलं तरी गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. ५० रुपये! किराणा दुकानात वही चालते आपली. आमदारकी-खासदारकीला उभारता येत नाही, त्याचं मिस्त्रींना काही वाटलं नाही.

पण खरा घोळ घराचा निघाला. वडगावचं घर वडिलांनी बांधलेलं, घरात विणायचे माग होते तेव्हाचं, पुढं एक खोली आणि मागं लांब पडवी. वडील वारले, मृत्युपत्र नाही, उतारा अजून त्यांच्याच नावावर. वारस चौघे, आई, मिस्त्री, धाकटा भाऊ आणि बहीण. म्हणजे मिस्त्रींचा चौथा हिस्सा. आजच्या भावानं घर २८ लाखाला जाईल असं गल्लीत बोलतात, ते थोडं वाढवून धरलंय असं माझं मत, पण तसं धरलं तर हिस्सा ७ लाखाचा. एकूण कर्ज ७,३१,०००. आता सांगा, जिल्हा न्यायाधीशांपुढं उभारून हा माणूस म्हणणार मला कर्ज फेडता येत नाही, आणि पहिल्या सुनावणीला बँकेचा वकील म्हणणार की हिस्सा विका की. रिसीव्हर तो हिस्सा विकायला काढणार. वाटणी न झालेल्या घरातला चौथा हिस्सा कोण घेणार? घेणारा पडेल भावात घेणार आणि लगेच वाटपाचा दावा लावणार. घरच्यांना तो हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या किमतीला परत घ्यायचा हक्क आहे, १८९३ च्या पार्टिशन ॲक्टमध्ये तशी सोय आहे, पण त्यासाठी भावाकडं पैसे पाहिजेत. तो ड्रायव्हर आहे. आणि या सगळ्यात सत्तरीची आई त्याच घरात बसलेली.

मिस्त्रींचा यावर तोडगा तयार होता. "मग हिस्सा आधी भावाच्या नावावर सोडपत्र करून देतो, नंतर अर्ज टाकतो." दहातले आठ जण हेच सुचवतात. वकिलांनी हसून मान हलवली. नादारीच्या अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता दिलेली मालमत्ता कोर्ट रद्द करून परत ओढून घेऊ शकतं, आणि सावकारांना चकवायला केलेलं असलं हस्तांतर हेच नादारीच्या दाव्याचं कारण म्हणून सावकार वापरू शकतात. शिवाय ते केल्यावर डिस्चार्जच्या वेळी तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणखी एक, डिस्चार्ज मिळेपर्यंत जे काही नवीन वाट्याला येईल तेही रिसीव्हरकडं जातं. मिस्त्रींच्या आईच्या नावावर कंग्राळीच्या बाजूला माहेरकडनं आलेली थोडी जमीन आहे. आईचं वय बघता हे बोलायला कुणाला बरं वाटत नव्हतं, पण विचारात घ्यावंच लागलं.

दुसरा घोळ जामीनदारांचा. सोसायटीच्या कर्जाला एक जामीन मेव्हणा आणि दुसरा शेडमधलाच एक टर्नर. नादारीनं आणि पुढं डिस्चार्जनंसुद्धा मुख्य कर्जदार सुटला तरी जामीनदार सुटत नाही, कायद्यात स्पष्ट आहे. म्हणजे मिस्त्रींनी अर्ज टाकला की सोसायटी सरळ त्या दोघांकडं वळणार. मेव्हण्याचं एकवेळ घरातलं आहे, पण त्या टर्नरच्या बाजूच्या मशीनवर रोज आठ तास उभारायचं असतं. शिवाय कर्ज घेताना सोसायटीनं दोन कोरे चेक सही करून ठेवून घेतलेत, सगळ्याच सोसायट्या घेतात. चेक बाउन्सची केस फौजदारी, १३८ कलम, ती नादारीच्या अर्जानं थांबत नाही. ॲपच्या हप्त्याचा ऑटो-डेबिट परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात २५ कलमाखाली तशीच केस होऊ शकते, हे तर फार कमी लोकांना माहीत असतं.

एवढं झाल्यावर मी प्रश्न उलटा घातला. समजा काहीच केलं नाही, कार्डाचे पैसे बंद केले, तर बँका जास्तीत जास्त काय करू शकतील? मला तर वाटतं नादारीचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं आधी हे काढावं, वकिलाची फी नंतर. मिस्त्रींची पहिली शंका, "हिंडलग्याला पाठवतात काय?" म्हणजे तिथल्या जेलमध्ये. नाही. कार्डाचं कर्ज दिवाणी आहे. बँकेनं दावा लावून डिक्री, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम, मिळवली आणि ऐपत असून मुद्दाम देत नाही असं सिद्ध केलं तरच दिवाणी कैदेचा प्रश्न येतो. नुसतं जमत नाही म्हणून आत टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीसच्या निकालात सांगितलंय. मग पगाराची जप्ती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० कलमाप्रमाणं पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. ३४,००० मधनं १,००० वजा केले, राहिले ३३,०००, त्याचा तिसरा हिस्सा ११,०००. एका डिक्रीसाठी जास्तीत जास्त २४ महिने, नंतर त्या डिक्रीपुरता पगार कायमचा सुटतो. पीएफला हात नाही. घरातली भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण यांना हात नाही. वैनींचं मंगळसूत्र तर नाहीच, आणि त्यांचे बाकीचे दागिने त्यांचे स्वतःचे, नवऱ्याच्या कर्जाशी त्याचा संबंध नाही.

११,००० हा आकडा कागदावर आला तेव्हा मी वरच्या १०,७०० भोवती गोल केला. कोर्टानं जबरदस्तीनं महिन्याला जेवढं कापलं असतं, जवळपास तेवढंच हा माणूस राजीखुशीनं देऊ शकत होता. म्हणजे बँकेलाही दावा लावून, डिक्री घेऊन, दरखास्त करून, वर्षं घालवून यापेक्षा फार काही मिळणार नव्हतं, घराचा हिस्सा सोडला तर. आणि हिस्सा विकायची कटकट बँकेलाही नको असते. इथनं पुढं आमचं बोलणं बदललं. नादारीचा अर्ज म्हणजे जो हिस्सा बँकेच्या डोळ्यांवर अजून आलेला नाही तो स्वतःहून प्रतिज्ञापत्रावर लिहून पुढं करायचा. लपवायचं नाही, कोर्टानं विचारलं तर सांगायचंच, पण न विचारता ताट वाढून द्यायची गरज काय?

घरात मात्र हे सगळं वेगळंच दिसत होतं. मी एका रविवारी गेलो तेव्हा पडवीत चटईवर स्टेटमेंट पसरलेली, वरनं उडू नयेत म्हणून वैनींनी शिलाईची कात्री आणि दोन वजनं ठेवलेली. एका बाजूला लिफाफ्यांचा ढीग, अर्धे न फोडलेले. इंग्रजीतल्या नोटिसा मिस्त्री वाचतच नव्हते, कन्नडमधलं काही आलं की पोरीला वाचायला लावायचे, ती नववीत, शाळेत कन्नड आहे म्हणून. तिनं एक कागद मोठ्यानं वाचला आणि मध्येच थांबून बापाकडं बघितलं. लोक अदालतीची नोटीस होती. घरात आठवडाभर सगळे त्याला वॉरंट समजत होते. दाव्याआधीची तडजोडीची नोटीस असते ती, जाऊन बोलायचं, पटलं तर सही करायची, नाही पटलं तर उठून यायचं. त्याच आठवड्यात कुणा वसुलीवाल्यानं व्हॉट्सॲपवर सिंहाचं चिन्ह छापलेला "अरेस्ट ऑर्डर" पाठवला होता, स्पेलिंगसकट चुकीचा. वैनी म्हणाल्या, "हे खरं म्हणून ह्यांनी दोन रात्री झोपलं नाहीत, आणि ते खरं होतं ते बगितलंसुद्धा नाहीत."

वसुलीच्या फोनचं तिथंच लावून टाकलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना गाठून बदनामी करता येत नाही. आमच्या केसमध्ये शेडच्या मालकाला फोन गेला होता. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, तो खोटा ऑर्डर, सगळं बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केलं आणि ३० दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या ओंबुड्समनकडं (तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडं) जाणार असं खाली लिहिलं. फोन पूर्ण बंद झाले नाहीत पण मालकाला जाणारे बंद झाले, तेवढंच पाहिजे होतं.

मधे एक भलतंच वारं आलं. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या, जाचावर वटहुकूम काढला, आणि आपल्याकडं गल्लीगल्लीत झालं की कर्जं माफ झाली. वैनींच्या बचतीच्या संघातल्या बायकाही तेच बोलत होत्या. बँकेचं क्रेडिट कार्ड त्यात येत नाही. हे मिस्त्रींना दोनदा सांगावं लागलं, कारण आशेला लई कान असतात. टपरीवरचा आणखी एक सल्ला, "तीन वर्षं गप बसा, मुदत संपतीय." दाव्याची मुदत तीन वर्षं आहे हे बरोबर, पण मधे काही रक्कम भरली किंवा कर्ज कबूल करून सही केली की तीन वर्षं परत पहिल्यापासनं मोजायची, आणि बँक शेवटच्या महिन्यात दावा लावू शकते. तीन वर्षं रोज फोनकडं बघत बसणं हा बेत ज्याला जमतो त्यानं करावा, पोरगी नववीत असलेल्या घरात तो नको असं माझं मत होतं आणि अजून आहे.

मग केलं काय? सगळ्यात आधी कार्डावरनं कार्डाला भरणं बंद. वैनींनी तिन्ही कार्डं त्या शिलाईच्या कात्रीनंच कापली. सोसायटीचा आणि ॲपचा हप्ता चालू ठेवला, एकाला माणसं अडकलेली म्हणून आणि दुसऱ्याला ऑटो-डेबिट म्हणून. इथं एक बारीक गोष्ट सांगायला पाहिजे. अर्ज करायचाच असता तर असं एका सावकाराला झुकतं माप देणं महागात पडलं असतं, अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत मुद्दाम एकालाच दिलेले पैसे कोर्ट परत मागवू शकतं. म्हणून अर्ज करायचा की नाही हे आधी ठरवायचं, हप्त्यांचं मग.

तिसरं, ९४,००० चं कार्ड सगळ्यात सोपं गेलं. त्या बँकेनं शिल्लक रक्कम २४ महिन्यांच्या हप्त्यांत बदलून दिली, महिन्याला दीड टक्क्यानं, हप्ता ४,७०० च्या आसपास. साडेतीनच्या जागी दीड. हे मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि थकबाकी व्हायच्या आत मागावं लागतं.

बाकी दोन थकली. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबात बुडीत-थकीत, होतं आणि बँकेचा सूर बदलतो, आधी पूर्ण रक्कम, मग व्याज सोडतो, मग एकरकमी काय देता. दुसरं कार्ड दंड-व्याज धरून १,८१,००० पर्यंत गेलेलं, ते ७८,००० ला मिटलं. फोनवर एजंट म्हणत होता, "आज संध्याकाळपर्यंत माझ्या यूपीआयवर टाका, मी क्लोज करून देतो." नाही टाकले. बँकेच्या लेटरहेडवर पत्र पाहिजे, त्यात कार्डाचा नंबर, रक्कम, तारीख आणि पूर्ण व अंतिम तडजोड असा शब्द पाहिजे, आणि पैसे कार्डाच्या खात्यातच भरायचे, हे आम्ही धरून बसलो. पत्र यायला तीन आठवडे गेले, "आजचीच ऑफर" तोपर्यंत तशीच होती.

पैसे आणले कुठनं? धाकट्या भावानं १,००,००० दिले, साध्या कागदावर हातउसने म्हणून लिहून, दोघांच्या सह्या. आणि वैनींनी पाटल्या काढल्या. मला हे आवडलं नव्हतं, मी तसं म्हणालोही, कायद्यानं तुमचं सोनं सुरक्षित आहे, आणि तेच तुम्ही स्वतःहून बाहेर काढताय. त्या म्हणाल्या, "कपाटात हाय म्हणून महिन्याला व्याज थांबतंय काय? विकत नाही मी, ठेवतोय." सोसायटीत सोनेतारणावर ८०,००० घेतले, महिन्याला टक्क्याच्या आसपास व्याज, म्हणजे ८००. हिशोबानं त्यांचं बरोबर होतं. पण हा निर्णय त्यांचा होता म्हणून बरोबर होता, नवऱ्यानं किंवा सासूनं मागून घेतला असता तर मी त्यात पडलो नसतो.

पहिल्या, मोठ्या कार्डाचं लोक अदालतीत झालं. बँकेचा माणूस आधी २,१०,००० एकरकमी म्हणत होता. मिस्त्रींनी पगाराची स्लिप, आईच्या हॉस्पिटलचे कागद आणि माझा तो दोन आकड्यांना गोल केलेला कागद पुढं ठेवला. फार बोलले नाहीत, त्यांना बोलता येतही नाही साहेब लोकांपुढं. १,७५,००० वर आलं, १,००,००० लगेच आणि ७५,००० पंधरा हप्त्यांत, ५,००० प्रमाणं. लोक अदालतीचा निवाडा म्हणजे डिक्रीच, त्यावर अपील नाही, त्यामुळं हप्ता चुकला तर काय हे सही करायच्या आधी वाचून घेतलं. लागोपाठ दोन चुकले तर सूट रद्द असं होतं.

आता महिन्याचं बसवा. १०,७०० मधनं ४,७००, ८०० आणि ५,००० गेले की उरतात २००. म्हणजे उरत नाहीत. ॲपचे हप्ते संपले की ४,१०० मोकळे होतील, ते आधी पाटल्यांना आणि मग भावाला, असं वैनींनी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलंय. सिबिलवर दोन कार्डांपुढं "सेटल्ड" असं पडलंय, "क्लोज्ड" नाही, त्यामुळं पुढची काही वर्षं बँकेचं कर्ज मिळणं अवघड. घर बांधायचं, गाडी घ्यायची असा विचार असणाऱ्यानं हे धरूनच तडजोड करावी.

हे वाचून कुणी म्हणेल की नादारीचा कायदा मग कुणासाठीच नाही. तसं नाही. वकिलांशी याच्यावर बराच वाद झाला. माझं म्हणणं असं की ज्याच्यावर तीन-चार डिक्र्या झाल्यात, एकाची जप्ती संपली की दुसऱ्याची पगारावर बसतीय, नावावर घर-जमीन नाही आणि वाट्याला येणारही नाही, कुणी जामीन अडकलेला नाही, आणि कर्ज आजारपणानं किंवा बुडालेल्या धंद्यानं झालंय हे कागदांनी दाखवता येतं, त्यानं १९२० च्या कायद्याकडं जरूर बघावं. त्याला गमवायला काही नाही आणि सगळ्या सावकारांना एका जागी आणून थांबवायची सोय त्याला दुसरीकडं कुठंच मिळत नाही. वकिलांचं म्हणणं, तसा माणूस फी कुठनं देणार. त्यावर जिल्हा कायदेसेवा प्राधिकरण आहे, नियमात बसत असेल तर वकील फुकट मिळतो, बायकांना तर उत्पन्नाची अटच नाही. ते म्हणाले, बघू, असा कुणी आला तर पाठवा.

मिस्त्रींचे लोक अदालतीचे चार हप्ते गेलेत. पाचव्याच्या वेळी शेडमध्ये पगार दहा दिवस उशिरा झाला, तेव्हा बँकेला आधीच मेल टाकून तारीख पुढं मागून घेतली आणि त्याचं उत्तर प्रिंट काढून निवाड्याच्या प्रतीला टाचलं. आता घराच्या उताऱ्यावर चौघांची नावं लावून घ्यायचं काम काढलंय, कारण ते वडिलांच्याच नावावर ठेवून काही फायदा नाही आणि बहिणीचीही तशी इच्छा आहे.